शेवटचा हात

जुनी मोटार बाळगणाऱ्या मनुष्यास तर्कशास्त्राचा निराळा अभ्यास करावा लागत नाहीं, असें आमचे एक स्नेही थट्टेनें म्हणत असतात. वडिलांनीं मागें ठेवलेली पेट्रोलची गाडी आम्हीं वरोऱ्यास आजवर चालती ठेविली आहे. तेव्हां या थट्टेचा रोख कोणाकडे असतो, हें सांगणें नको. नव्या गाड्यांत ठिणगी पाडण्याचें काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे असतें. तिचें झांकण उघडून पाहण्याचा प्रसंग मालकावर सहसा येत नाहीं, आणि उघडलें तरी त्यास तेथें कांहीं उमजत नाहीं. आमच्या गाडींत मात्र जुनीच रचना आहे. तिचे प्लग, प्लॅटिनम आणि कंडेन्सर वर्षाकाठीं एकदां बदलावे लागतात, आणि मृग लागण्यापूर्वीं हें काम उरकून घेण्याची चाल वडिलांच्या वेळेपासून घरांत आहे. गेल्या वर्षीं हें नेहमींचें काम झालें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी सुरू होईना. घटना एवढीच. परंतु त्या निमित्तानें आमच्या हातून जें वर्तन घडलें, त्यानें आम्हांस पुष्कळ दिवस विचार करावयास लावलें. कारण आणि दोष या दोन शब्दांतील अंतर आम्ही इतकीं वर्षें वर्गांत शिकवीत आलों. तें आम्हांस स्वतःस किती थोडें कळलें होतें, हें त्या सकाळीं दिसून आलें.

आदल्या सायंकाळीं स्टेशनकडील रस्त्यावरच्या आमच्या नेहमींच्या मिस्त्र्यानें काम पुरें केलें. आम्ही गाडी घेऊन घरीं आलों. ती उत्तम चालली. सकाळीं आठाच्या सुमारास चंद्रपुरास निघावयाचें होतें. तेथें एका नातलगाची शस्त्रक्रिया होती आणि तीपूर्वीं आम्हीं पोहोंचणें अवश्य होतें. किल्ली फिरविली, सेल्फ लागला, इंजिन फिरलें, परंतु पेट घेईना. पांच-सहा वेळां प्रयत्न केल्यावर सेल्फचा आवाज जड येऊं लागला. तेव्हां आम्ही पायींच मिस्त्र्याच्या दुकानीं गेलों. दुकान नुकतेंच उघडलें होतें. दोन शिकाऊ पोरगे झाडलोट करीत होते आणि गांवांतील एक व्यापारी आपली गाडी दाखविण्यास आणून बाकावर बसले होते. त्या सर्वांदेखत आम्ही म्हणालों, "काल गाडी ठणठणीत होती. तुम्हीं हात लावला आणि बिघडली. काम येत नसेल तर घेऊं नये."

मिस्त्र्यानें प्रत्युत्तर केलें नाहीं. हत्यारांची पिशवी उचलीत तो इतकेंच बोलला, "काल मीच खोललं होतं ना सर, तं पयले माह्यंच काम पाहतो." आणि धाकट्या पोरग्यास हाक मारून तो आमच्याबरोबर निघाला. व्यापारी बाकावरून उठले, संध्याकाळीं पाहूं असें कांहींसें पुटपुटले, आणि आपली गाडी घेऊन निघून गेले. त्या वेळीं आमचें तिकडे लक्ष नव्हतें.

पुढें काय झालें तें समजण्यास या यंत्रणेची थोडी माहिती हवी. बॅटरी बारा व्होल्टांची. प्लगच्या टोंकांमध्यें अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते. दाबलेल्या वायूंत तेवढी फट ओलांडण्यास ठिणगीला हजारों व्होल्टांचा दाब लागतो. तो दाब कॉइल उत्पन्न करते. तिच्यांत जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतून प्रवाह संथपणें वाहत असतो तोंवर बारीक तारेंत कांहींच घडत नाहीं. तो प्रवाह एकाएकीं तोडला, कीं त्याच क्षणीं बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेल्या तत्त्वाचा हा उपयोग आहे. प्रवाह जोडण्या-तोडण्याचें काम ज्या दोन टिकल्या करतात, त्यांस गॅरेजांत प्लॅटिनम म्हणतात, जरी त्यांत त्या मौल्यवान धातूऐवजीं टंगस्टन असतें. शेजारचा कंडेन्सर तुटत्या प्रवाहाचा लोंढा क्षणभर आपल्यांत घेतो, म्हणून तो तोडा स्वच्छ पडतो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असतांना हा प्रवाह सेकंदास शंभर वेळां तुटतो. ठिणगी पडते ती प्रवाह वाहिल्यानें नव्हे, तो खंडित झाल्यानें. अभावास स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्या आपल्या शास्त्र्यांना हें यंत्र मोठें आवडलें असतें.

आतां परीक्षा. मिस्त्र्यानें डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर उपसून तिचें टोंक इंजिनाच्या लोखंडापासून पांच-सहा मिलिमीटरांवर धरलें आणि आम्हांस किल्ली फिरविण्यास सांगितलें. ठिणगी नाहीं. "करंटच येऊन नाही राहिला," तो म्हणाला. एवढ्या एका परीक्षेनें पेट्रोल, कार्बोरेटर, प्लग आणि प्लगांच्या वायरी यांची त्या वेळेपुरती सुटका झाली. मग त्यानें एक लहानसा दिवा घेतला. त्याची एक तार इंजिनास लावली आणि दुसरी कॉइलच्या एका टोंकास. दिवा लागला, म्हणजे किल्लीकडून वीज येत होती. तीच तार कॉइलच्या दुसऱ्या टोंकास लावली. इंजिन फिरत असतांना येथें दिव्यानें उघडझांप करावयास हवी. प्लॅटिनम उघडले कीं तो लागतो, मिटले कीं विझतो. तो विझलेलाच राहिला. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर सोडवितांच मात्र त्याच ठिकाणीं तो लागला. याचा अर्थ असा, कीं कॉइलमधून प्रवाह नीट येत होता, परंतु डिस्ट्रिब्युटरच्या पोटांत कोठें तरी तो वाट चुकून थेट लोखंडांत उतरत होता. प्लॅटिनमांनीं कितीहि तोडला, तरी तो तुटत नव्हता.

संशय आतां आदल्या दिवशींच्या कामावरच येऊन ठेपला. नवे प्लॅटिनम बसवितांना त्यांच्या स्प्रिंगखालचा फायबरचा वॉशर खालींवर झाला, तर नेमकें असेंच होतें. हें आम्हांस ठाऊक होतें, आणि आमच्या चेहऱ्यावर थोडी विजयाची छटा आली असावी. मिस्त्र्यानें वायर पुन्हां जोडली, झांकण काढलें आणि वॉशर पाहिले. ते बरोबर होते. पात्याच्या मापानें फट मोजली. तीहि बरोबर होती. दोन टिकल्यांमध्यें त्यानें कागदाचा एक कपटा सरकविला, म्हणजे तेथून प्रवाह जाण्याचा प्रश्न उरला नाहीं; दिवा विझलेलाच. नवा कंडेन्सर सोडून बाजूस केला, दिवा विझलेलाच. शेवटीं आंतल्या हलत्या पत्र्याकडे जाणारी बोटभर लांबीची वायर त्यानें चिमट्यानें किंचित् उचलली, आणि दिवा लागला. खालीं सोडली, विझला. पुन्हां उचलली, लागला. त्या वायरीवरचें कापडी आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें करपून गेलें होतें, आणि आंतील तांबें डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीस टेकलें होतें.

"काल प्लॅटिनम बदलतानी वाकली असन," तो म्हणाला. "घरापावतो आली, मंग टेकली."

त्यावर धाकटा पोरगा बोलून गेला, "मागच्या साली तुम्ही सरले सांगतलं होतं ना, ही वायर बदला म्हून!" मिस्त्र्यानें त्यास डोळ्यांनींच गप्प केलें.

पोरगा खरें बोलत होता. वर्षापूर्वीं याच अंगणांत मिस्त्र्यानें ती वायर दाखविली होती. ती वरोऱ्यास मिळत नाहीं, नागपुराहून मागवावी लागेल, असेंहि सांगितलें होतें. चालते आहे तोंवर चालूं द्या, असें आम्ही म्हटलें होतें. तें आम्ही साफ विसरलों होतों, आणि त्यास तें आठवत असूनहि त्यानें दुकानांत तें बोलून दाखविलें नव्हतें. त्यानें वायरीवर एक बारीक नळी चढविली, झांकण लावलें, आणि गाडी पहिल्या किल्लीस सुरू झाली. एकूण पंचवीस मिनिटें लागलीं असतील. चंद्रपुरास आम्ही उशिरा पोहोंचलों. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती आणि आमच्यावांचून कोणाचें अडलें नव्हतें.

येथवर लिहून झाल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. बाकावर बसलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आम्हीं आदरार्थीं केला, आणि मिस्त्र्याचा एकवचनीं. व्यापाऱ्यांनीं त्या सकाळीं आदरास पात्र असें कांहीं केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मागचा मजकूर आम्ही बदलीत नाहीं. तो जसा सुचला तसा राहूं दे. यापुढें मात्र मिस्त्र्यांचा उल्लेख ज्या रीतीनें व्हावयास हवा होता त्या रीतीनें होईल.

आमचें चुकलें कोठें? शेवटीं जें बदललें तें प्रथम पाहावें, हा नियम खोटा नाहीं. काल जी वस्तु चालत होती ती आज चालत नसेल, तर मधल्या काळांत कांहीं तरी पालटलें असलेंच पाहिजे. आणि जो पालट आपल्याला ठाऊक आहे तेथून शोधास आरंभ करणें यांत वावगें तें काय? जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत व्यतिरेकाची म्हणून जी पद्धति सांगितली आहे, तिचें हें घरगुती रूप होय. परंतु त्या पद्धतीस एक अट आहे. तुलनेस घेतलेले दोन प्रसंग एका गोष्टीवांचून बाकी सर्व बाबतींत सारखे असले पाहिजेत. प्रयोगशाळेंत ही अट मोठ्या प्रयासानें पाळतां येते. अंगणांत उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतींत ती आपोआप पाळली गेली आहे असें आम्हीं धरून चाललों. तप्त इंजिन रात्रभर निवलें होतें. वायरीचें आवरण चाळीस उन्हाळ्यांत भाजलें होतें, आणि वरोऱ्याचा उन्हाळा म्हणजे काय चीज आहे हें इकडच्या वाचकांस सांगावयास नको. हे सारे पालटच होते. मात्र ते कोणत्या दिवशीं घडले हें कोणास सांगतां येत नाहीं.

कारणांमध्यें दोन जाती असतात असें आम्हांस वाटूं लागलें आहे. कांहीं कारणांना तारीख असते आणि हात असतो. अमक्या दिवशीं, अमक्यानें, अमुक केलें, असें त्यांच्याविषयीं म्हणतां येतें. दुसऱ्या जातीच्या कारणांना यांतलें कांहीं नसतें. झीज, गंज, उष्णता, विसर, 'पुढच्या वर्षीं पाहूं' अशीं तीं असतात. काम बहुधा दुसऱ्या जातीचीं कारणें करून ठेवतात, आणि पहिल्या जातीचें एखादें कारण शेवटचा धक्का देऊन जातें. आपण जबाब मागावयास जातों तो पहिल्याकडे. कारण झिजेला जबाब विचारतां येत नाहीं, आणि विसराला विचारावा तर तो आपल्याच घरचा असतो.

आपल्याकडील नैयायिकांनीं या प्रश्नाचा जो काथ्याकूट केला आहे, तो इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्यांनीं पुन्हां वाचण्याजोगा आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची आठल्ये आणि बोडस यांनीं १८९७ सालीं मुंबई संस्कृत मालेंत काढलेली आवृत्ति अद्यापिहि संग्रहीं ठेवावी अशी आहे. कार्याच्या आधीं नियमानें असणें एवढ्यानें एखादी गोष्ट कारण ठरत नाहीं, ती अन्यथासिद्धहि नसावी लागते, अशी ही चर्चा चालते. अन्यथासिद्ध म्हणजे जिच्यावांचून कार्याची उपपत्ति लागते ती, हजर असून निरुपयोगी अशी गोष्ट. विश्वनाथ पंचाननाच्या ग्रंथांत याचीं उदाहरणें कुंभाराच्या घरचीं आहेत. मडकें घडलें त्याच्या आधीं काठी होती, तशी काठीची जाति आणि काठीचा रंगहि होता, आकाश होतें, कुंभाराचा बाप होऊन गेला होता, आणि माती वाहून आणणारें गाढवहि दाराशीं उभें होतें. यांपैकीं काठी कारण. तिची जाति, तिचा रंग, आकाश, बाप आणि गाढव हीं कारणें नव्हेत. कावळा बसला आणि फांदी मोडली असें आपण म्हणतों, तो याच विचाराचा गांवठी अवतार होय.

मग आमचे मिस्त्री कोण? काठी, कीं गाढव? त्या सकाळीं आम्हीं त्यांस एकट्या काठीचें स्थान दिलें. शोध लागल्यावर लाजेच्या भरांत आम्ही दुसऱ्या टोंकास गेलों, आणि त्यांचा या बिघाडाशीं कांहीं संबंधच नव्हता असें म्हणूं लागलों. तेंहि खरें नव्हे. त्यांनीं प्लॅटिनम बदलले नसते, तर वायर त्या दिवशीं वाकली नसती, आणि हें त्यांनीं स्वतःच सांगितलें. ते कारण होते. दोषी नव्हते. आणि आम्ही? वर्षापूर्वींच्या एका वाक्यानें आम्हीं ती वायर तेथें राहूं दिली. आमचें स्थान फार तर कुंभाराच्या बापाचें. तर्कशास्त्र बापास कारणांतून वगळतें, आणि मडक्यापुरतें तें योग्यच आहे. नीतिशास्त्रास मात्र त्यास इतक्या सहज सोडतां येत नाहीं.

न्यायशास्त्रांतील आणखी एक वाद येथें आठवतो. अग्नि आहे, लांकूड आहे, तरी जवळ चंद्रकांत मणि ठेवला तर दाह होत नाहीं, असा जुना दृष्टांत आहे. मीमांसक म्हणतात, मण्यानें अग्नीची शक्ति नाहींशी केली. नैयायिक म्हणतात, शक्ति नांवाचा वेगळा पदार्थ मानण्याचें प्रयोजन नाहीं. प्रतिबंधकाचा अभाव हेंहि दाहाचें एक कारण समजावें, म्हणजे झालें. मण्याची हकीकत खरी कीं खोटी हा प्रश्न सोडून द्या. विचार अचूक आहे. आमच्या गाडींत बॅटरी, कॉइल, प्लॅटिनम, कंडेन्सर, सारें सिद्ध होतें; प्रतिबंधकाचा अभाव तेवढा नव्हता. न चालणाऱ्या यंत्रापुढें उभे राहिलों कीं आपण 'कोणीं काय बिघडविलें' असा प्रश्न करतों. 'काय आड आलें आहे' हा प्रश्न करणारा मनुष्य निम्मा राग आधींच टाकून आलेला असतो.

आमच्या अंगणांतला हा घोटाळा लहान होता. असाच घोटाळा मुंबई इलाख्यांत शंभरांवर वर्षांपूर्वीं झाला, आणि त्यांत एका मोठ्या शास्त्रज्ञाची उमेद करपून गेली. १८९६ सालीं मुंबईस प्लेग शिरला, तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं तेथें प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. १९०२ च्या आक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. थोड्याच दिवसांपूर्वीं परळास लस करण्याच्या रीतींत एक पालट झाला होता. पूर्वीं तींत कार्बोलिक आम्ल घालीत. पंजाबची मोठी मागणी पुरविण्यासाठीं तें वगळून केवळ उष्णतेनें शुद्धि करण्याची रीति स्वीकारली होती. झालें! काल माणसें मरत नव्हतीं, आज मेलीं. मध्यंतरीं हाफकिननीं रीति बदलली. तेव्हां हाफकिन दोषी. चौकशी बसली, ठपका परळावर आला आणि त्यांस आपलें पद सोडावें लागलें.

हाफकिनना बोल लावणाऱ्यांनीं जें पुरेसें पाहिलें नाहीं तें हें. मेलेले सर्वच्या सर्व १९ जण एकाच कुपींतील लस टोचलेले होते. त्या दिवशीं इतर कुप्यांतून ज्यांस लस दिली, त्यांस कांहींहि झालें नाहीं. आणि नवी रीति तर सर्व कुप्यांस सारखीच होती. मिलची व्यतिरेकपद्धति लावावयाची, तर फरक त्या एका कुपींत शोधावयास हवा होता. ती कुपी उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो जाळून शुद्ध न करतां नुसता औषधी द्रवांत बुडवून वापरला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत वास करतात. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांची दोषमुक्तता झाली. ते हिंदुस्थानांत परत आले, पण कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांस पुन्हां मिळाली नाहीं. १९२५ सालीं तिला त्यांचें नांव देण्यांत आलें.

कोणी म्हणेल, येथें तर शेवटचा हातच कारण ठरला. होय, ठरला, आणि म्हणूनच आम्हीं हें उदाहरण घेतलें. शेवटच्या हाताकडे पाहणें चूक, असें आमचें म्हणणेंच नाहीं. मुलकोवालास खरा शेवटचा हात चिमट्याचा होता. अधिकाऱ्यांना दिसला तो ज्याची कागदोपत्रीं नोंद होती असा पालट. आपल्याला ठाऊक असलेला शेवटचा पालट हाच खरोखरीचा शेवटचा पालट होय, ही समजूत दोन्हीं ठिकाणीं सारखीच भोंवली. आणि चिमटा सांपडल्यावर त्या मदतनिसास फांसावर चढवावें काय? त्याला ज्यांनीं शिकविलें, त्याच्याकडून एका दिवसांत इतक्या लोकांस टोंचणी करून घेतली, त्यांचें काय? हा प्रश्न आम्ही उघडाच ठेवतों; आमच्या वायरीस जसा गतवर्षींचा आमचा शब्द चिकटला होता, तसें त्या चिमट्यालाहि कांहीं चिकटलें असेल.

वरोऱ्यांत राहून कारण आणि दोष यांचा विचार करावयाचा, तर गांवाबाहेरच्या आनंदवनाची आठवण टाळतां येत नाहीं. कुष्ठरोगाचा जंतु नॉर्वेंत हॅन्सेननें १८७३ सालीं शोधून काढला. तत्पूर्वीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यानंतरहि कित्येक पिढ्या, आमच्या समाजानें त्या रोगाचें कारण रोग्याच्याच पूर्वजन्मींच्या पापांत शोधलें. ज्याचा शोध लागत नाहीं त्या कारणाच्या जागीं आपण एक अपराधी उभा करतों. आणि समोर दुसरा कोणी नसला, तर दुखणाइतालाच तेथें उभा करतों. बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं येथें महारोगी सेवा समिति स्थापन केली आणि पुढें त्या खडकाळ माळावर रोग्यांच्याच हातांनीं वसाहत उभी राहिली. या हातांना काय करतां येईल, एवढेंच तेथें पाहिलें गेलें. आमच्या घरापासून तें ठिकाण दूर नाहीं. तेथून पाहुण्यांस हिंडवून आणतांना आम्ही हें सारें त्यांस मोठ्या अभिमानानें सांगत असतों, आणि तीच आमची गाडी एके सकाळीं सुरू झाली नाहीं तेव्हां आम्ही काय केलें तें वर आलेंच आहे.

एक आक्षेप राहतो, आणि तो हलका नाहीं. दोष देणें सोडून दिलें तर कामांत चोखपणा राहील काय? प्रत्येक निष्काळजी कारागीर झिजेकडे आणि उष्णतेकडे बोट दाखवून मोकळा होईल. आमचें उत्तर मिस्त्र्यांच्या त्या एका वाक्यांतच आहे. काल मीं उघडलें होतें, म्हणून आधीं माझेंच काम पाहतों, असें ते म्हणाले. नियम तोच, शेवटचा हात प्रथम तपासण्याचा. आमच्या तोंडीं तो आरोप झाला. त्यांच्या तोंडीं ती जबाबदारी झाली. त्यांनीं वॉशर पाहिले, फट मोजली, कंडेन्सर सोडला. आपल्या कामाचा एकहि भाग त्यांनीं विश्वासावर सोडला नाहीं, आणि तें निर्दोष ठरल्यावरहि 'वाकली असन' हें कबूल करण्यास ते चुकले नाहींत. आम्हीं त्यांच्याप्रमाणें आरंभ स्वतःपासून केला असता, तर गेल्या वर्षींचें आमचें वाक्य कदाचित् आम्हांस वाटेंतच आठवलें असतें. कदाचित् नसतेंहि, राग आला असतां मनुष्याची स्मृति फार निवडक होते.

त्याच सायंकाळीं आम्ही दुकानीं गेलों आणि दोन्ही पोरग्यांदेखत मिस्त्र्यांची क्षमा मागितली. ते संकोचले, "जाऊ द्या ना सर, गाडी चालली ना," एवढेंच म्हणाले. मजुरी विचारली, तर नळीचे तेवढे पैसे सांगितले. अधिक देऊं केले ते घेतले नाहींत. मग आम्हांस सकाळचे व्यापारी आठवले. ते सायंकाळींहि आले नव्हते. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्या पेढीवर जाऊन सारी हकीकत सांगितली. दोष आमचा होता, मिस्त्र्यांचा नव्हता, असें स्पष्ट शब्दांत सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, चहा मागविला, आणि म्हणाले, "असेल सर, असेल. पण आता आम्ही गाडी दुसरीकडे लावली." पुढें कित्येक महिने आम्ही त्या रस्त्यानें जातां येतां त्यांची गाडी दुकानापुढें दिसते का तें पाहत असूं. ती दिसली नाहीं.

नवी वायर नागपुराहून आली आणि बसविली. जुनी आमच्या मेजाच्या खणांत आहे. यंदा मृगापूर्वींचें काम झालें तेव्हां मिस्त्र्यांनीं डिस्ट्रिब्युटरचें झांकण उन्हाकडे धरून आम्हांस आंतील एक केंसासारखी चीर दाखविली. पावसाळी हवेंत तेथून करंट फुटेल, म्हणाले. अजून वर्षभर निघेलहि कदाचित्. आम्हीं त्यांच्यासमोरच नागपुरास फोन केला. झांकण अद्याप आलेलें नाहीं.